स्थान हीच विभक्ती : इंग्रजी शब्दक्रमाच्या अभ्यासपुस्तकास प्रस्तावना

'कारकुनाने मामलेदाराला कळवले' या वाक्यातील तिन्ही पदे मराठी मनुष्य वाटेल त्या क्रमाने उच्चारू शकतो. 'मामलेदाराला कारकुनाने कळवले' म्हणा किंवा 'कळवले कारकुनाने मामलेदाराला' म्हणा, बोलणाऱ्याचा रोख थोडा इकडेतिकडे सरकेल. परंतु कळवणारा कोण आणि ज्याला कळवले तो कोण, याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात तिळमात्र संदेह उत्पन्न होणार नाही, कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय आपापल्या पदाला घट्ट धरून असतात आणि पद कोठेही गेले तरी त्याचा हुद्दा त्याच्याबरोबर जातो. हेच वाक्य इंग्रजीत 'द क्लार्क इन्फॉर्म्ड द मामलेदार' असे होते, आणि येथे पहिल्या व शेवटल्या पदांची नुसती अदलाबदल केली की कचेरीतील सगळा कारभार उलटतो; कळवणारा मामलेदार ठरतो आणि कारकून बिचारा ऐकून घेणारा. शब्द तेच, त्यांची रूपेही तीच. इंग्रजी पदाला हुद्दा मिळतो तो जागेमुळे.

ही गोष्ट इतकी प्राथमिक आहे की ती सांगण्यासाठी प्रस्तावना लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, आपल्याकडे ती सांगितली जाते आणि लागलीच विसरली जाते. शालेय पुस्तकात कर्ता, क्रियापद, कर्म असा इंग्रजी वाक्याचा सांगाडा एकदा फळ्यावर काढून दाखवतात, आणि मग वर्षानुवर्षे काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्यये आणि स्पेलिंग यांच्याच पाठीमागे विद्यार्थ्याला धावावे लागते. असा विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होतो, इंग्रजी वर्तमानपत्र वाचतो, चारपाच हजार शब्द त्याच्या पदरी असतात, आणि तरीही बोलायला तोंड उघडले की कर्ता उच्चारून तो अडतो. या अडखळण्याचे कारण कोणी शब्दसंग्रहाच्या तोकडेपणात शोधतात, कोणी भिडस्त स्वभावात. माझ्या मते कारण त्याहून साधे आहे. मराठीच्या सवयीने तो कर्त्यानंतर काळ, स्थळ, कर्म यांची जुळवाजुळव करत असतो आणि क्रियापद शेवटी येईल या भरवशावर असतो. इंग्रजी मात्र त्याच्याकडे दुसऱ्याच पदाला क्रियापद मागते. शब्द त्याच्याजवळ आहेत, पण ते ज्या रांगेत उभे आहेत ती रांग मराठीची आहे. या पुस्तकातील सगळे अभ्यास ही रांग बदलण्यासाठी आहेत, दुसऱ्या कशासाठीही नाहीत.

वाक्यातील पदांचा परस्परसंबंध कशावरून जाणावा, या प्रश्नाचा विचार आपल्या देशात फार प्राचीन काळी आणि फार बारकाईने झालेला आहे. यज्ञातील कोणते अंग कोणत्या कर्माचे, हे ठरवण्यासाठी मीमांसकांनी श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी सहा प्रमाणे मानली, आणि यांच्यात विरोध आला तर आधीचे प्रमाण बलवान आणि नंतरचे दुर्बल असा दंडक घातला. विभक्तीचा साक्षात उच्चार श्रुतीत मोडतो, म्हणून तो सर्वांत श्रेष्ठ. स्थान पाचवे, म्हणजे जवळजवळ तळाशी. तो विचार यज्ञकर्माचा आहे, व्याकरणाचा नव्हे, हे मी विसरलेलो नाही. तथापि ज्यांची भाषा प्रत्ययांनी समृद्ध होती त्यांना स्थानाचा पुरावा दुबळा वाटावा, हे अगदी स्वाभाविक होते. इंग्रजीत ही उतरंड उलटी झाली आहे. तेथे प्रत्यय बहुतेक नामशेष झाले आणि पाचव्या पायरीवरचे स्थान पहिल्या पायरीवर येऊन बसले.

नेहमीच असे होते असे मात्र नाही. नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या काळची इंग्रजी पाहिली तर ती विभक्तींनी गजबजलेली दिसते. 'से क्युनिंग' म्हणजे कर्ता असलेला राजा आणि 'थोने क्युनिंग' म्हणजे कर्म असलेला राजा. नामाचे रूप तेच राहिले तरी त्याच्या आधीचे दर्शक पद बदलत असे, आणि त्यामुळे राजा वाक्यात पुढे बसला काय किंवा मागे बसला काय, तो मारणारा की मारला गेलेला हे कळत असे. त्या भाषेत शब्दाच्या आरंभीच्या अवयवावर आघात असल्यामुळे अंत्य स्वर दुबळे होते आणि ते हळूहळू झिजले. उत्तर व पूर्व भागांत येऊन वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या सहवासात ही झीज वाढली असावी, असे पुष्कळ पंडित मानतात, कारण दोन्ही लोकांच्या भाषांतील धातू सारखे आणि प्रत्यय वेगळे होते. त्यानंतर १०६६ साली नॉर्मन आले, दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच बसली, आणि इंग्रजीवर लेखनपरंपरेचा जो वचक होता तो पिढ्यानपिढ्या नाहीसा झाला. प्रत्यय गेले म्हणून क्रम बांधला गेला, की क्रम बांधला जात होता म्हणून प्रत्यय निरुपयोगी होऊन गेले, याविषयी विद्वानांत वाद आहे आणि तो आपण त्यांच्याकडेच ठेवू. आपल्या कामाचा भाग एवढाच की 'ही' आणि 'हिम', 'आय' आणि 'मी', 'दे' आणि 'देम' अशा मूठभर सर्वनामांत ती जुनी संपत्ती अजून शिल्लक आहे, आणि गंमत अशी की, सर्वनामाचे रूप इतके स्पष्ट असूनही इंग्रजी त्याला जागा बदलण्याची मुभा देत नाही.

मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य यांत केवळ क्रियापदाच्या जागेचा भेद आहे, अशी समजूत करून घेणे घातक आहे. 'वाईत देवळाजवळच्या एका लहान घरात त्याचा जन्म झाला' हे वाक्य घ्या आणि त्याचे इंग्रजी पाहा: 'ही वॉज बॉर्न इन अ स्मॉल हाऊस नियर द टेम्पल इन वाई'. कर्ता तेवढा उचलून आरंभी ठेवला की बाकीचे सगळे वाक्य शेपटाकडून वाचत गेल्यासारखे होते. जन्म, मग घर, मग देऊळ, मग वाई. 'वाईत' यातील 'त' नामाच्या मागे लागतो, त्याच्या जोडीचे 'इन' नामाच्या पुढे येते. 'काल आलेला माणूस' यात माणसाचे वर्णन माणसाआधी संपते, 'द मॅन हू केम यस्टर्डे' यात ते माणसानंतर सुरू होते. 'जाऊ शकतो' यात सहायक क्रियापद पाठीमागे, 'कॅन गो' यात पुढे. विशेषण तेवढे दोन्ही भाषांत नामाआधी बसते, आणि हा एकच सारखेपणा विद्यार्थ्याला खोटा धीर देतो. मराठीचा स्वभाव मोठ्याकडून लहानाकडे, परिसराकडून वस्तूकडे जाण्याचा आहे. आपल्या खरेदीखतांत 'तुकडी जिल्हा पुणे, पोटतुकडी तालुका हवेली' असा आरंभ होऊन मग मौजे गाव, मग सर्व्हे नंबर, आणि सर्वांत शेवटी चतुःसीमा येतात. उलट टपालाच्या पत्त्यात मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा अशी लहानाकडून मोठ्याकडे जाणारी वाट असते. म्हणजे उलटी वाट आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे नाही. पाकिटावर जे आपण बिनदिक्कत करतो तेच वाक्यात करायचे आहे.

क्रियापद आधी येण्याचा परिणाम विचाराच्या गतीवरही होतो. 'मी उद्या त्या कामासाठी तुमच्याकडे येणार' एवढे बोलून होईपर्यंत मराठी वक्ता 'आहे' म्हणणार की 'नाही' म्हणणार, हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि ऐकणाऱ्याची मुद्रा पाहून वक्त्याला आयत्या वेळी बेत फिरवताही येतो. मुत्सद्द्यांना याहून सोयीची वाक्यरचना क्वचितच सापडेल. इंग्रजीत 'आय अॅम नॉट कमिंग' हे तीनचार शब्दांतच उघड होते, आणि काम, तुम्ही, उद्या हे सगळे मागाहून येते. तेव्हा इंग्रजी बोलणाऱ्याला होकार की नकार, घडले की घडणार, शक्य की अवश्य, या सर्वांचा निर्णय वाक्याच्या उंबरठ्यावरच करावा लागतो. आपला विद्यार्थी कर्त्यापाशी अडखळतो तो येथे. म्हणून या पुस्तकातील पहिले सगळे अभ्यास कर्ता आणि क्रियापद एका श्वासात उच्चारण्याचे आहेत, आणि ते जिभेवर बसल्यावाचून पुढे जाऊ नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सर्वांत दाट रान लागते ते प्रश्नवाक्यांचे. मराठीत प्रश्न विचारण्यासाठी वाक्याला हात लावावा लागत नाही. 'तू येतोस' याला 'का' जोडला की प्रश्न झाला. 'तू कोठे जातोस' यात 'कोठे' हे पद 'गावाला' हे पद जेथे बसले असते तेथेच बसते. इंग्रजीत मात्र प्रश्नार्थक पद उठून आरंभी जाते, त्याच्या पाठोपाठ सहायक क्रियापद कर्त्याला ओलांडून पुढे येते, आणि सहायक क्रियापद नसले तर 'डू' नावाचे एक अर्थशून्य पद त्या कामावर नेमावे लागते. ही नेमणूक फार जुनी नाही. शेक्सपियरच्या काळी 'नो यू' आणि 'डू यू नो' ही दोन्ही वळणे चालत होती, नकारातही 'आय नो नॉट' असे बिनघोर म्हणत. पुढे दीडदोन शतकांत 'डू'ची सक्ती झाली. ज्या नियमाशी खुद्द इंग्रजांच्या पूर्वजांनी इतका काळ चालढकल केली, तो आपल्या मुलांना एका तासात यावा ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. आपला विद्यार्थी प्रथम 'व्हेअर यू आर गोइंग' म्हणतो, म्हणजे प्रश्नार्थक पद पुढे आणतो पण सहायक क्रियापदाला जागेवरच ठेवतो. गुरुजी त्याला रागावतात, उलटा क्रम घोटून घेतात, आणि तो क्रम एकदा पक्का झाला की तो जेथे नको तेथेही उमटू लागतो: 'आय डोन्ट नो व्हॉट इज हिज नेम', 'टेल मी व्हेअर इज द स्टेशन'. ही दुसरी चूक पहिलीहून चिवट आहे, कारण ती अज्ञानातून निघत नाही, शिस्तीतून निघते. पोटवाक्यात शिरताच प्रश्नाचा तोरा संपतो आणि क्रम साध्या विधानाचा होतो, 'व्हॉट हिज नेम इज'. उलटा क्रम हा समोरच्या माणसाला त्या क्षणी केलेल्या पृच्छेचा शिक्का आहे. पृच्छेची नुसती हकिकत सांगताना तो शिक्का मारत नाहीत. ही दोन वळणे मी या पुस्तकात जोडीनेच दिली आहेत, एक आज आणि दुसरे सहा महिन्यांनी असे नाही.

जोर देण्याच्या बाबतीत आपली अडचण निराळी आहे. मराठीजवळ 'च', 'ही', 'सुद्धा', 'तर' अशी छोटी छोटी अव्यये आहेत, आणि ती ज्या पदाला चिकटवावी त्यावर जोर येतो. शिवाय पद पुढेमागे सरकवूनही जोर देता येतो. इंग्रजीत क्रम आधीच व्याकरणाच्या कामी खर्च झालेला असल्यामुळे तो जोरासाठी उरत नाही. मग आवाजाचा आघात किंवा 'इट वॉज द क्लार्क हू' यासारखी लांब वाट धरावी लागते. आपण ती वाट सोडून 'च'च्या जागी सरसहा 'ओन्ली' ठेवतो, आणि 'टुडे ओन्ली', 'ही ओन्ली टोल्ड मी' अशी वाक्ये जन्माला येतात. ती ऐकून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही, कारण त्यांत मराठीचा जिवंत कान आहे. परंतु परमुलुखातील माणसाला ती कळत नाहीत किंवा भलतीच कळतात, एवढे लिहिणाऱ्याने जाणावे. क्रियाविशेषणांच्या इतर जागा, विशेषणांची आपापसातली रांग, हे विषय पुस्तकात आहेत आणि ते वाचनाने आपोआप सुधारतात; त्यांचा बाऊ करू नये.

या सगळ्या विरोधात आपल्या बाजूचा एक भक्कम दाखला आहे, आणि तो आपल्याला इंग्रजीने दिलेला नाही, फारशीने दिलेला आहे. 'तो उद्या येणार असे मला वाटते' ही मराठीची मूळची घडण. तीत पोटवाक्य आधी आणि प्रधान क्रियापद शेवटी. 'मला वाटते की तो उद्या येणार' ही दुसरी घडण 'की' या फारशी अव्ययाबरोबर आली, आणि आज ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. इंग्रजीतील 'आय थिंक दॅट' ही रचना पायरीपायरीने हिच्याशी जुळते. म्हणून लांब वाक्यांचा अभ्यास मी 'की'च्या वाक्यांपासून सुरू केला आहे, आणि 'आलेला', 'गेलेला' या धातुसाधितांची वाक्ये, ज्यांत सगळे उलटावे लागते, ती बरीच पुढे ठेवली आहेत.

मराठी माणसाचे इंग्रजी वाक्याशी नाते भाषांतराच्या मार्गाने जुळले, हेही येथे नमूद केले पाहिजे. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले तेव्हा एकाच पृष्ठावर एका स्तंभात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी मजकूर असे, आणि एका स्तंभाची दुसऱ्याशी रुजुवात घालता घालता कित्येकांनी इंग्रजी आत्मसात केली असेल. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यानपिढ्या मराठी घरांत इंग्रजी पोचवली. शाळांतून नेसफील्डचे आणि मागाहून रेन व मार्टिन यांचे व्याकरण आले, आणि वाक्यपृथक्करणाची रीत रूढ झाली. या पुस्तकांचे ऋण मानूनही असे म्हणावे लागते की, भाषांतर करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मराठी वाक्य आयते उभे असते, आणि डोळा त्याच क्रमाने चालतो. कागदावर खोडून, बाण काढून, क्रम सुधारता येतो. बोलताना खोडण्याची सोय नसते.

हॅरल्ड पामर या इंग्रज अध्यापकाने १९१६ साली शंभर तक्त्यांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात या अडचणीवर एक तोड होती. समजा, तक्त्यात चार रकाने आणि प्रत्येकात चार पदे आहेत. डावीकडून उजवीकडे कोणत्याही रकान्यातले कोणतेही पद उचलीत गेले तरी वाक्य शुद्धच बनते, आणि अशी २५६ वाक्ये एका तक्त्यातून निघतात. पद बदलते, रकाना बदलत नाही. जीभ रकान्याला सरावते. १९२२ साली पामर टोकियोला गेले, आणि तेथे त्यांच्यासमोर जे विद्यार्थी बसले त्यांची भाषा मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी ठेवणारी आणि नामामागून अव्यये लावणारी होती. त्याच वर्तुळातील ए. एस. हॉर्न्बी यांनी इंग्रजी क्रियापदांचे ती आपल्यामागे काय काय मागतात यावरून २५ वर्ग पाडले, आणि १९४२ साली जपानात निघालेल्या त्यांच्या कोशात क्रियापदाच्या अर्थाबरोबर त्याचा वर्गही दिला. जपानी विद्यार्थ्यांसाठी केलेली ही खटपट मराठी विद्यार्थ्याला इतकी चपखल बसावी, याचे कारण दोन्ही भाषांच्या घडणीतील साम्यात आहे. तक्त्यांचा दोष मात्र मला झाकायचा नाही. २५६ वाक्ये तोंडाने म्हणून त्यातले एकही मनाने न म्हणणे सहज शक्य असते. म्हणून येथील प्रत्येक तक्त्याचा शेवटचा रकाना रिकामा ठेवला आहे. तो विद्यार्थ्याने आपल्या घरच्या, कामाच्या, गावच्या खऱ्या मजकुराने भरावा.

दुसरी तजवीज आपल्या पाठशाळांतून घेतली आहे. संस्कृत श्लोक लावताना अन्वय करण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. दंडान्वयात सगळी पदे गद्याच्या क्रमाने सरळ मांडतात. खंडान्वयात क्रियापदापासून आरंभ करून 'कोण', 'कशाला', 'कसा', 'कोठे' असे प्रश्न विचारीत एकेक पद जोडत जातात. ही दुसरी रीत इंग्रजी वाक्य वाढवण्यासाठी जणू मुद्दाम निर्माण केल्यासारखी आहे. 'शी रोट', काय लिहिले, 'अ लेटर', कोणाला, 'टू द कलेक्टर', कोठून, 'फ्रॉम सातारा', केव्हा, 'लास्ट वीक'. प्रश्नांचा हा क्रम पाठ झाला की स्थळ आधी आणि काळ मागाहून, कर्म क्रियापदाला लागून, ही पथ्ये आपोआप पाळली जातात, आणि 'आय ब्रॉट फ्रॉम द मार्केट मँगोज' असे वाक्य तोंडातून निघेनासे होते. पंगतीच्या पानावर मीठ आणि लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, आणि वाढपी बदलला तरी जागा बदलत नाही. कर्म क्रियापदाच्या शेजारी वाढायचे ते याच शिस्तीने.

शब्दांच्या चिठ्ठ्या करून त्या क्रमाने लावण्याचा खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि परीक्षांतही तसे प्रश्न असतात. त्यांच्याविषयी माझी एक तक्रार आहे. 'मँगो', 'ईट्स', 'द बॉय' अशा चिठ्ठ्या दिल्या तर आंबा मुलाला खात नाही हे जगाच्या व्यवहारावरून ठाऊक असल्यामुळे विद्यार्थी उत्तर देतो, शब्दक्रमाच्या ज्ञानावरून नव्हे. नैयायिकांनी वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी यांची आवश्यकता सांगितली आहे. त्यांपैकी योग्यताच येथे सगळे काम करून जाते. म्हणून माझ्या चिठ्ठ्यांत दोन्ही नामे कर्ता होण्यास सारखीच पात्र असतील अशी खबरदारी घेतली आहे. शिक्षक आणि विद्यार्थी, सावकार आणि कूळ, सासू आणि सून, कारकून आणि मामलेदार. काय घडले ते आधी मराठीत एका ओळीत सांगितले आहे, आणि चिठ्ठ्या त्याप्रमाणे लावायच्या आहेत. येथे अंदाज चालत नाही.

उत्तरे पुस्तकाच्या अखेरीस दिली आहेत. जेथे इंग्रजीत एकाहून अधिक क्रम शुद्ध आहेत, जसे काळवाचक पद आरंभी किंवा अखेरीस ठेवता येते, तेथे दोन्ही छापले आहेत आणि कोणत्या क्रमाने कशावर भर पडतो हे शेजारी मराठीत लिहिले आहे. 'नेव्हर हॅव आय' यासारखी भाषणाच्या व्यासपीठावरची उलटी वळणे वगळली आहेत. ती ज्याला लागतील त्याला या पुस्तकाची गरज उरलेली नसेल. उत्तर चुकले तर ते खोडून नुसते दुरुस्त करू नये. बरोबर क्रमातील वाक्य मोठ्याने म्हणावे, त्यातील एक नाम बदलून पुन्हा म्हणावे, आणि मग पुढच्या चिठ्ठीला हात घालावा.